१८० चौकोन

आज लालबागला बहिणीकडे हळदीकुंकवाला गेले होते. वाण हातात घेतलं आणि शेजारची एक बाई म्हणाली, "हौसेनं गेली ना लंडनला, मग सोसायचं." बहीण काही बोलली नाही, तिळगूळ वाटत राहिली. मी लोकलमध्ये घरापर्यंत धुमसत आले, म्हणून लिहितेय.

हौस? माझी भाची २०२२ च्या ऑक्टोबरात इंग्लंडला केअरर, म्हणजे म्हाताऱ्या-आजाऱ्यांची सेवा करणारी, म्हणून गेली. त्याच वर्षी फेब्रुवारीत त्यांनीच केअररना व्हिसा खुला केला होता. त्यांच्या म्हाताऱ्यांना बघायला माणसं मिळत नव्हती ना! बहिणीनं पाटल्या मोडल्या. ५ वर्षं नोकरी केली की पीआरचा, म्हणजे तिथं कायमचं राहण्याच्या परवानगीचा, अर्ज करता येतो, एवढ्या भरवशावर पोरगी गेली. तेव्हा बहिणीनं एका वहीत ६० चौकोन आखले. पोरीचा पगार झाल्याचा फोन आला की एकावर फुली.

आता तिथल्या गृहमंत्री शबाना महमूद यांनी २०२५ च्या नोव्हेंबरात मांडलेला प्रस्ताव बघा. पीआरसाठी केअररना १५ वर्षं! आणि जे आधीच तिथं राबतायत त्यांनाही. डॉक्टर-नर्सना ५ च, वर्षाला सव्वा लाख पौंडांच्या वर पगार असेल तर ३. आणि रात्री तीन वाजता उठून परक्या आजीला कुशीवर वळवणारी, तिची ओली चादर बदलणारी आमची पोरगी, तिला १५. तोवर जीव स्पॉन्सरच्या, म्हणजे व्हिसा मिळवून देणाऱ्या मालकाच्या मुठीत. त्याचं परदेशी माणसं ठेवायचं लायसन्स गेलं तर ६० दिवसांत दुसरा शोधायचा, नाहीतर बॅग भरायची.

मान्य, देश त्यांचा, नियम त्यांचे. आपणही मुंबईत बाहेरून आलेल्यांबद्दल काय काय बोलतो, ते मला माहीत आहे. मग उद्या येणाऱ्यांना लावा हवी ती अट. तसंही २०२५ च्या जुलैपासून बाहेरून नवे केअरर घेणं बंदच केलंय. पण जिच्या ३९ फुल्या झाल्या, तिला का? डाव अर्ध्यावर असताना नियम बदलला तर गल्लीतली पोरंसुद्धा बॅट टाकून भांडतात. २००६ मध्येही त्यांनी पीआरची अट ४ वर्षांची ५ केली होती. तेव्हा हायली स्किल्ड व्हिसावर आधीच गेलेले लोक कोर्टात गेले आणि २००९ मध्ये जिंकले. केअरर पोरींनी वकिलाला पैसे कुठून द्यायचे?

हे लिहितेय तोवर तरी प्रस्तावच आहे, कायदा झालेला नाही. तेवढ्यावर सध्या दिवस काढतोय.

परवा व्हिडिओ कॉलवर भाची म्हणाली, "मावशी, ती आजी माझ्याशिवाय कुणाच्या हातून जेवतच नाही गं." सांगताना चेहरा काय फुलला होता तिचा! मला पुढं बोलवेना.

आज बायका गेल्यावर बहिणीनं ती वही काढली. शेजारी पट्टी, पेन्सिल. "ताई, अजून १२० आखू का?"

मी पट्टी उचलून कपाटात ठेवून आले.