चार वेळा जगात एक नंबर आणि ऑलिम्पिक मेडल शून्य

परवा ताईकडे गेले होते, भाची आठवीत आहे, शाळेच्या टीममध्ये हॅन्डबॉल खेळते, लेफ्ट बॅक. मी कौतुकाने तिला क्रिस्टिना न्यागूचे व्हिडिओ दाखवत बसले होते तर दाजी मागून डोकावले आणि पहिला प्रश्न काय, "ऑलिम्पिक मेडल आहे का हिला?" नाही म्हटल्यावर चहा घेऊन बातम्या लावायला गेले पण. विषय संपला!

माझा मात्र संपेना, म्हणून इथे लिहितेय.

न्यागू रोमानियाची, जन्म बुखारेस्टचा, १९८८. जागतिक हॅन्डबॉल महासंघाने तिला २०१०, २०१५, २०१६ आणि २०१८ अशी चार वेळा वर्षाची सर्वोत्तम खेळाडू ठरवलं. पुरुषांमध्ये काराबातिच आणि हॅन्सन ही केवढी मोठी नावं, पण ते दोघंही तीन-तीनवरच. चॅम्पियन्स लीगमध्ये, म्हणजे युरोपातल्या बड्या क्लबांच्या स्पर्धेत, तिचे हजारावर गोल आहेत. २०१५ ला माँटेनेग्रोच्या बुदुच्नोस्त क्लबकडून ती ही लीग जिंकली आणि त्याच वर्षी डेन्मार्कमधल्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये रोमानियाला ब्राँझ मिळालं तेव्हा स्पर्धेची सर्वोत्तम खेळाडूही तीच. ऑलिम्पिकचं म्हणाल तर २००८ आणि २०१६ ला गेली, रिकाम्या हाताने आली, बाकीच्या वेळी देशच पात्र ठरला नाही. आता त्यात तिने एकटीने काय करायचं होतं?

आपल्याकडे खेळाडू म्हटलं की चार वर्षांतून एकदाच आठवण येते, पण युरोपात हॅन्डबॉल ही चक्क नोकरी आहे हो. सप्टेंबर ते मे-जून सीझन, देशातली लीग वेगळी, चॅम्पियन्स लीग वेगळी, आणि डिसेंबरमध्ये जरा सुट्टी मिळेल म्हणावं तर तेव्हा एका वर्षी युरो (युरोपातल्या देशांची स्पर्धा) आणि एका वर्षी वर्ल्ड चॅम्पियनशिप. पगार क्लब देतो आणि क्लबच बुडाला तर पगारही बुडाला. ती ज्या ओल्तकीमकडून खेळायची तो युरोपातला नावाजलेला क्लब होता, २०१३ ला पैशाअभावी बंद पडला.

आता लेफ्ट बॅक म्हणजे काय ते ज्यांनी खेळलंय त्यांनाच कळेल. विंगवाली कोपऱ्यातून पळत येते, पिव्होट डीच्या (गोलसमोरच्या अर्धगोलाच्या) रेषेवर पाठीत धक्के खात उभी असते, आणि लेफ्ट बॅकने नऊ मीटरच्या बाहेरून उडी मारायची, समोर दोन-तीन जणी हात वर करून भिंतीसारख्या उभ्या, त्यांच्या डोक्यावरून किंवा बगलेतून बॉल काढायचा. बरं, हवेत असतानाच कुणीतरी छातीवर येऊन आदळतं आणि उतरताना सगळा भार एका गुडघ्यावर. हे साठ मिनिटं. टीम अडकली, रेफ्रींचा हात वर गेला (म्हणजे वेळ काढू नका, लवकर गोलवर मारा, नाहीतर बॉल जाईल), की बॉल कुणाकडे? न्यागूकडे. रोमानियाचं वर्षानुवर्षं हेच चाललं. १९६२ ला जग जिंकलेला देश, महिलांच्या प्रत्येक वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये खेळलेला एकमेव देश, पण तिच्या काळात अडलं की एकच उपाय.

आणि त्याची किंमत तिच्या अंगाने भरली. आधी खांदा, ऑपरेशन, कितीतरी काळ बाहेर. मग गुडघ्याचं लिगामेंट. यातून उठून २०१५ ला परत जगात एक नंबर झाली. मग २०१८ ची फ्रान्समधली युरो, जबरदस्त फॉर्म, आणि हंगेरीविरुद्धच्या मॅचमध्ये परत लिगामेंट गेलं. तिच्याशिवाय रोमानिया सेमीफायनल रशियाकडून हरला आणि शेवटी चौथा आला. त्यानंतरही परतली आणि बुखारेस्टच्या सीएसएम क्लबकडून २०२५ पर्यंत खेळली.

यावर लोक "काय ती जिद्द, कसला कमबॅक" म्हणून रील्स बनवतात, मागे ते ढोल. जिद्द आहेच, मी कशाला नाकारू. पण माझं स्पष्ट मत आहे की कमबॅकच्या टाळ्या वाजवताना तिच्यावर एवढा भार टाकला कुणी हे कुणी विचारत नाही. दाजींना मेडल दिसत नाही, रीलवाल्यांना फक्त जिद्द दिसते, खांदा कुणालाच दिसत नाही.

मीही शाळेत लेफ्ट बॅकच होते (हसू नका). मुरुमाचं ग्राउंड, फक्कीने आखलेला डी, आणि जिल्हा पातळीला एका दिवसात तीन-तीन मॅच. सर बाहेरून ओरडायचे "तिला दे, तिला दे!" आणि मला काय अभिमान वाटायचा! खेळाचे मार्क मिळाले दहावीला, सर्टिफिकेट अजून फाइलमध्ये आहे. आणि उजवा हात आजही वरच्या फळीवरचा डबा काढताना कटकन वाजतो. जागतिक बिगतिक काही नसताना ही गत.

तर झालं असं की व्हिडिओ बघता बघता भाची सारखी उजवा खांदा चोळत होती. विचारलं तर म्हणाली, काही नाही गं मावशी, सर प्रॅक्टिसला मलाच सगळे थ्रो मारायला लावतात, बाकीच्यांना जमत नाहीत ना. हे सांगताना अशी खूश होती की काय सांगू.

सोमवारी तिच्या सरांना भेटायला चाललेय. ताई म्हणते तू मध्ये पडू नकोस, टीममधून काढतील तिला.

कुणी मुलींना कोचिंग करत असाल तर जरा सांगा, या वयात दिवसाला किती थ्रो ठीक असतात? निदान आकडा घेऊन तरी जाते.