व्हाय आणि वय

"सर, तुमचा व्हाय काय आहे?"

"चौपन्न," मी म्हणालो.

पलीकडं जरा शांतता पसरली. मग मोबाईलच्या पडद्यावरची ती मुलगी गोड हसली आणि म्हणाली, "नो सर, आय मीन, युअर व्हाय. तुम्हाला हा चेंज का करायचाय?"

खरं उत्तर होतं, 'लेकीनं पैसे भरलेत म्हणून.' पण ते देण्याइतकी ओळख अजून झाली नव्हती. मोबाईल मी कंदी पेढ्यांच्या खोक्याला टेकवून उभा केला होता. रिकामं खोकं वजनाला कलंडतं, म्हणून भरलेलं घेतलं होतं. खोकं कॅमेऱ्याच्या मागच्या बाजूला होतं, ते एक बरं.

हे सगळं सुरू झालं ते एचबीएवनसी नावाच्या रक्ततपासणीपासून. उपाशीपोटीच्या साखरेचं माझं आणि लॅबचं वर्षानुवर्षं जमलेलं होतं. तपासणीच्या आधी दोन दिवस कारल्याचा रस प्यायचा, रात्री लवकर जेवायचं आणि सकाळी निष्पाप चेहऱ्यानं दंड पुढं करायचा. एचबीएवनसीला हे चालत नाही. रक्तातल्या तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि त्यांच्या हिमोग्लोबिनला साखर चिकटून बसते, त्यामुळं मागच्या दोन-तीन महिन्यांचा सगळा हिशेब एका आकड्यात बाहेर येतो. मी सहकारी बँकेत कर्ज विभागाला आहे. आमच्याकडंही हप्ता ९० दिवस थकला की खातं एनपीए, म्हणजे बुडीत, होतं, तोवर काही बोलायचं नाही. ५.७ च्या खाली ठीक, ६.५ पासून मधुमेह. माझा आकडा आला ६.३. म्हणजे खातं बुडीत नव्हतं, पण नोटीस काढायच्या लायकीचं झालं होतं.

डॉक्टरांनी दीड मिनिटात विषय संपवला. "गोड बंद, रात्री अर्धपोटी, रोज चाला." झालं. पण लेक पुण्याला मोठ्या कंपनीत. ती म्हणाली, "बाबा, डॉक्टर फक्त आकडे बघतात. तुम्हाला होलिस्टिक लाइफस्टाइल इंटरव्हेन्शन हवंय." तिच्या कंपनीच्या कुठल्याशा योजनेत आईवडिलांना वेलनेस कोच मिळतो. दर शनिवारी, अर्धा तास, इंग्रजीतून.

माझं इंग्रजी तसं वाईट नाही. 'विथ रेफरन्स टू युअर लेटर' असं सुरू करून 'युअर्स फेथफुली'पर्यंत मी कुठंही न अडखळता जातो. पण हे इंग्रजी निराळं होतं. दुसऱ्याच शनिवारी तिनं विचारलं, "सर, गट कसा आहे?"

मला बरं वाटलं. म्हटलं, मुलीला माहिती दिसतेय. "आमच्या बँकेत दोन गट आहेत," मी सांगू लागलो. "एक दीक्षितांचा. दिवसातून दोनदाच खायचं, पंचावन्न मिनिटांत उरकायचं. दुसरा दिवेकरांचा, दर दोन तासांनी थोडं थोडं. मी दोन्हीकडं आहे. दीक्षितांच्या दोन जेवणांच्या मधे दिवेकरांचं खातो."

तिला गट म्हणजे आतडं अपेक्षित होतं.

त्या रात्री मी बँकेची लांब वही काढली, तीन रकाने आखले आणि शब्द, अर्थ, वाक्यात उपयोग असा अभ्यास मांडला. दहावीनंतर एवढा अभ्यास मी केला नव्हता. सेडेंटरी म्हणजे बैठा. रेझिलिअन्स म्हणजे पडलं तरी उठायची ताकद. सस्टेनेबल म्हणजे जे टिकतं ते. यावर बायको म्हणाली, "म्हणजे तुमचं पोट." अकाउंटेबिलिटी पार्टनर हा शब्द लिहिताना मात्र हात थरथरला. बँकेत 'स्टाफ अकाउंटेबिलिटी' काढायची ठरली की माणूस तीन-तीन रात्री झोपत नाही. इथं त्याचा अर्थ एवढाच होता की मी काय खाल्लं हे रोज रात्री बायकोनं कळवायचं. ती तर गेली सव्वीस वर्षं ते माहेरी कळवतच होती.

माईंडफुल ईटिंगचा आठवडा सगळ्यात कठीण गेला. घास तोंडात घालण्याआधी त्याच्याकडं बघायचं, रंग, पोत, वास अनुभवायचा, मग सावकाश चावायचं. ज्वारीच्या भाकरीचा तुकडा पिठल्यात बुडवून मी डोळ्यांसमोर धरला. भाकरीचे पापुद्रे दिसले, एका कडेला करपलेला काळा ठिपका दिसला, पिठल्यात अख्खी राहिलेली मोहरी दिसली. समोर आई जेवत होती. वय ८१, नजर घारीची.

"केस निघाला का रे?"

"नाही गं."

"मग बघतोयस काय?"

बायको ओट्यापाशी होती, तिनं पाठ न वळवता विचारलं, "काय निघालं?" मी म्हणालो, "काही नाही, माईंडफुल खातोय." आई म्हणाली, "मैदा फुल? अरे, डॉक्टरनं मैदा बंद सांगितलाय ना तुला?" तोवर बायको ताटापाशी येऊन माझ्या घासात केस शोधू लागली होती. तो सापडला नाही, याचा राग तिच्या चेहऱ्यावर दोन दिवस राहिला. तेव्हापासून मी माईंडफुल फक्त ऑफिसच्या डब्याला असतो.

दहा हजार पावलांचं प्रकरण मी जरा नेटानं लढवलं. एका रात्री वाचनात आलं की हा आकडा मूळचा वैद्यकशास्त्रातला नव्हेच. १९६५ साली जपानमध्ये कमरेला लावायचं पावलं मोजण्याचं यंत्र विकायला आलं, त्याचं नाव मानपो-केई, म्हणजेच दहा हजार पावलं मोजणारं. आकडा गोल, कानाला छान, म्हणून जगभर चिकटला. मी शनिवारची वाट बघत बसलो आणि हे सगळं तिला इंग्रजीतून ऐकवलं. त्या आकड्यात निदान निम्मी तरी सूट मिळावी, एवढीच अपेक्षा होती. कर्ज विभागात एकरकमी परतफेडीला देतो तशी.

"सर, आय लव्ह युअर क्युरिऑसिटी," ती म्हणाली. "आज किती झाली?"

"तेराशे."

सकाळी अजिंक्यताऱ्याच्या वाटेवर अर्धं सातारा असतं. मी चार भिंतींपर्यंत जातो आणि तिथून गाव बघतो. गाव सुंदर दिसतं म्हणून बघतो असं नव्हे, पुढं चढ आहे.

सहाव्या आठवड्यात वजनाचा काटा ८३.८ वर बसला तो हलेना. "सर, यू हॅव हिट अ प्लॅटो." वहीत बघितलं, प्लॅटो म्हणजे पठार. सातारकराला पठाराचं काय कौतुक! पण आमच्या कासला श्रावण-भाद्रपदात फुलं तरी येतात. माझ्या पठारावर काहीच उगवत नव्हतं.

पुढचा शब्द आला बाऊंड्रीज. फॅमिली फंक्शन्समध्ये बाऊंड्री सेट करा म्हणे. बाऊंड्री म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढं गावाकडचा बांध आला. चुलत्यांनी तो दरवर्षी नांगराच्या एका तासानं कोरला आणि त्यापायी दोन घरांचं बोलणं बंद आहे. त्याच चुलत्यांच्या नातवाचं लग्न निघालं, आणि बोलणं बंद असलं तरी जेवायला जावंच लागतं. पंगतीत जिलबीचं ताट आलं. मराठीत 'नको' हा नकार नसतो, ती बोलणी सुरू झाल्याची खूण असते. 'नको' म्हटलं की दोन पडतात, 'खरंच नको' म्हटलं की चार, आणि ताटावर आडवा हात धरला तर हातावर पडतात. मी डोळे मिटले आणि म्हणालो, "आय ॲम ऑन अ लो-कार्ब प्रोटोकॉल."

वाढपी जागीच थांबला. काकूनं पदर सावरला, जवळ येऊन हळू आवाजात विचारलं, "ऑपरेशन कधी आहे?"

पंधरा वर्षांत पहिल्यांदाच त्या घरातलं कुणी माझ्याशी आपुलकीनं बोललं होतं. जिलबी टळली आणि मला या भाषेची खरी ताकद कळली.

त्यानंतर मी थांबलोच नाही. रात्री अकराला डबा उघडताना सापडलो तर मराठीत ती चोरी असते, पण 'लेट-नाईट क्रेव्हिंग' म्हटलं की आपण चोराचे पेशंट होतो. हावरटपणाला इमोशनल ईटिंग हे नाव आहे. पावसात फिरायला न जाणं हा आळस नाही, रिकव्हरी डे आहे. रविवारी दुपारी तीन तास घोरणं हे स्लीप हायजीनमध्ये बसतं, म्हणजे झालीच तर स्वच्छताच. आणि पेढा खाल्ल्यावर स्वतःला माफ करणं, याला तर सेल्फ-कंपॅशन असा इतका सुंदर शब्द आहे की केवळ तो वापरता यावा म्हणून मी आणखी एक खाल्ला. वहीत ११२ शब्द जमले. कोच खूश होती. लेक म्हणायची, "बाबा, तुम्ही किती इव्हॉल्व्ह झालात!"

तीन महिने झाले आणि रिपोर्ट आला. ६.४.

त्या शनिवारी मी तयारीनिशी बसलो. वही उघडी, मोबाईल खोक्याला टेकवलेला. "मॅडम, आय थिंक माय कन्सिस्टन्सी इज अ वर्क इन प्रोग्रेस, बट माय माईंडसेट..." एवढ्यात मोबाईल घसरला आणि पालथा होऊन टेबलावर पडला. मी तो घाईनं उचलला, त्यात बोट कुठं लागलं कोण जाणे, कॅमेरा उलटा फिरला.

"काका," ती म्हणाली. सर नाही, काका. "ते पेढ्यांचं खोकं हाय का?"

त्या 'हाय का'त माण-खटावचं सगळं वारं होतं.

"तुम्ही कुठल्या?" मी विचारलं.

"वडूजची."

"मग इतके दिवस इंग्रजी कशाला?"

"कंपनी सांगते. क्लायंटला बरं वाटतं." मग तिनं आवाज जरा खाली घेतला. "रोज किती खाता?"

"तसं बघायला गेलं तर मॉडरेशनमध्ये..."

"किती?"

"चार."

"आणि रात्रीचा भात?"

"वाढतात."

"वाढतात का वाढून घेता?"

मी वही चाळली. ११२ शब्दांत यावर एकही नव्हता.

"पोट सुटलंय काका तुमचं, बसून बसून. माझ्या वडलांचं असंच झालं. ते पण म्हणायचे, बघू, करू. आता दोन टायमाला सुई टोचून घेतात."

आतून आईचा आवाज आला, "कोण रे ती? शहाणी दिसतेय."

मी कॅमेरा पुन्हा सरळ केला, वही मिटली, घसा साफ केला. "मॅडम, आपण परत इंग्रजीतच बोलूया का?"

"बोलू की. आधी खोक्यात किती उरलेत ते सांगा."

मी झाकण उचललं. तीन होते.

"नऊ," मी म्हणालो.