दुचाकीस्वार दिसताच पाळावयाचे शिष्टाचार

आपल्याकडे दुचाकीस्वारासाठी उपदेशांची टंचाई कधीच नव्हती. हेल्मेट घाला, कागदपत्रे जवळ ठेवा, वेग आवरा, घरी कुणीतरी वाट पाहत आहे, असे त्याला बजावणारे फलक प्रत्येक घाटाच्या तोंडाशी उभे आहेत. रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या माणसाने दुचाकीस्वार दिसल्यावर नेमके काय करावे, याचे मार्गदर्शन मात्र कुठेही लिहून ठेवलेले नाही, आणि ही उणीव भरून काढावी असे गेल्या श्रावणातल्या एका रविवारपासून मला फार तीव्रतेने वाटू लागले आहे. त्या रविवारी ताम्हिणी घाटात काय घडले ते यथावकाश सांगेन. तूर्त एवढेच सांगतो की पुढील सूचना अनेक वर्षांच्या प्रत्यक्ष प्रवासातून जमवलेल्या आहेत, आणि त्यांतल्या बहुतेक आपण आधीपासूनच निष्ठेने पाळत असल्यामुळे त्या अंगवळणी पाडण्याचे वेगळे कष्ट आपणास पडणार नाहीत.

आरंभ दिव्यापासून करावा. भर दुपारी समोरून येणाऱ्या मोटारसायकलचा दिवा चालू दिसला, की हात उंच करून पाचही बोटे मिटावीत आणि उघडावीत, पुन्हा मिटावीत आणि उघडावीत, आणि स्वाराने दखल घेतली नाही तर मान वळवून "लाइट, लाइट!" असे ओरडावे. १ एप्रिल २०१७ पासून आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिन सुरू होताच आपोआप लागतो, इंजिन चालू असेपर्यंत तो विझवता येत नाही, आणि दुचाकी लांबूनच लोकांच्या नजरेत भरावी एवढ्यासाठीच सरकारने ही सक्ती केलेली आहे, हे तपशील आपण मनावर घेऊ नयेत. दिवा आपल्याला दिसला याचा अर्थ त्याचे काम चोख झाले, असाही तर्क लढवू नये. एकदा कोथरूडपासून चांदणी चौकापर्यंतच्या अंतरात मला सात जणांनी ही बोटांची कवायत करून दाखवली, आणि त्यांतले एक गृहस्थ स्वतः उलट दिशेने, मोबाइल कानाशी धरून येत होते. परोपकाराची ओढ अशी असावी.

सिग्नलला शेजारी मोठी मोटारसायकल येऊन थांबली, तर काच खाली करून "किती देते?" असे विचारावे. उत्तर ऐकू येण्याची गरज नाही; ते काहीही आले तरी "एवढंच?" म्हणायचे असते. नंतर किंमत विचारावी, आणि ती कळल्यावर एवढ्या पैशांत चांगली जुनी चारचाकी आली असती, हे सांगितल्याशिवाय दिवा हिरवा होऊ देऊ नये.

रस्ता ओलांडताना बरोबर मध्यावर पोचल्यावर परत फिरावे.

मुलांना लहानपणापासून दुचाकीस्वारांशी स्नेह जोडायला शिकवावे, आणि त्यासाठी टाळी हा उत्तम मार्ग आहे. खांद्यापासून गुडघ्यापर्यंत कवचे चढवलेला, मागे सामानाच्या पिशव्या बांधलेला स्वार दिसताच मुलाला डांबराच्या कडेपर्यंत पुढे ढकलावे आणि "दे टाळी काकांना" असे सांगावे. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात ११ मीटर पुढे सरकते, त्यामुळे ती टाळी मुलाच्या तळव्यावर टाळीसारखी न बसता शाळेतल्या जुन्या छडीसारखी बसेल, हे खरे. परंतु स्नेह म्हटला की थोडे सोसावेच लागते. शिवाय आपली वाहतूक डाव्या बाजूने असल्यामुळे कडेला उभ्या असलेल्या मुलाच्या वाट्याला स्वाराचा डावा हात येतो, आणि नेमका त्याच हातात क्लच असतो. चढावर, वळणावर, खडीवर त्याने तो हात सोडून आपल्या मुलाचे मन राखावे, ही अपेक्षा मुळीच अवाजवी नाही. त्याने हात पुढे केला नाही, तर "किती माज आहे बघ" हे वाक्य मुलाला ऐकू जाईल अशा बेताने म्हणावे. (दोन्ही हात डोक्यावर नेऊन मनसोक्त हलवणारी, शाळेच्या कुंपणाआतून "टाटा" करणारी पोरे मला मनापासून आवडतात, आणि त्यांना मी हॉर्न वाजवून उत्तर दिल्याशिवाय पुढे जात नाही. पण ती कुंपणाआत असतात. त्यांना तिथे कोणीतरी ठेवलेले असते.)

गाडीचा आवाज बेताचा असेल तर तोंड वाकडे करावे आणि पोरांकरवी "काका, फटाके फोडा ना" अशी मागणी करवावी. तोच आवाज रात्री अकरा वाजता आपल्या सोसायटीखाली आला की सगळ्या मोटारसायकलवाल्यांना फासावर लटकवले पाहिजे, असे मत व्यक्त करावे. पोलीस जप्त केलेले सायलेन्सर रोड रोलरखाली चिरडतात तेव्हा टाळ्या वाजवायलाही आपण हजर असतो, त्यामुळे या तिन्ही भूमिकांत विसंगती आहे असे कोणी म्हणू शकणार नाही.

शिमग्याच्या दिवसांत कोकणातल्या रस्त्यांवर मुले आडवी दोरी धरून पोस्त मागतात. प्रथा गोड आहे, आणि पाच-दहा रुपये द्यायला कोणाची ना नसते. दोरी मात्र शक्यतो डांबराच्या रंगाची, संध्याकाळच्या अंधुक उजेडात दिसणार नाही अशी आणि वळण संपता संपता असावी. एसटी आली की ती मुकाट्याने जमिनीवर सोडावी, चारचाकीसाठी बंपरच्या उंचीवर धरावी आणि मोटारसायकल आली की उत्साहाच्या भरात आणखी थोडी वर उचलावी, म्हणजे ती स्वाराच्या गळ्याशी येते. मोठ्या माणसांनी या वेळी पारावर बसून कौतुकाने पाहावे. मुलांच्या हातात आता पैसे घेण्यासाठी क्यूआर कोडचा पुठ्ठाही असतो. एवढी प्रगती ज्यांना सुचली, त्यांना दोरीला एखादे लाल फडके बांधण्याचे कसे सुचत नाही, हे मला खरोखर कळत नाही.

रंगपंचमीचा फुगा हेल्मेटच्या काचेवर मारावा. छातीवर मारलेला वाया जातो.

कोणी दुचाकीस्वार पडलेला दिसलाच, तर त्याचे हेल्मेट मानेला हिसका देत ओढून काढावे, शुद्ध नसली तरी तोंडात पाणी ओतावे, आणि १०८ क्रमांकावर कोणीतरी एव्हाना फोन केलाच असेल असे समजून चित्रीकरणाकडे लक्ष द्यावे.

आता उभ्या गाडीविषयी. रस्त्याच्या कडेला लावलेली मोटारसायकल ही सार्वजनिक मालमत्ता असते, हे तत्त्व आपण सर्वांनी एकमुखाने मान्य केलेले आहे. बागेतल्या घसरगुंडीवर चढायला निदान रांगेत उभे राहावे लागते; इथे तीही अट नाही. तिच्यावर रेलावे, तिच्या आरशात केस नीट करावेत, हॉर्न वाजवून पाहावा, ॲक्सिलरेटर पिळून पाहावा, टाकीवर भज्यांची पुडी सोडावी आणि चटणी सांडल्यास ती सीटला पुसावी. अनोळखी माणसाच्या चारचाकीच्या बॉनेटवर आपण आपले मूल नेऊन बसवत नाही, तिचे दार उघडून चालकाच्या जागी बसत नाही, कारण तिला दार असते, दाराला कुलूप असते आणि ती कोणा बड्या माणसाची निघाली तर काय घ्या, ही धास्तीही असते. मोटारसायकलला दार नाही. म्हणजे तिला मालकही नाही.

तर तो रविवार. पाऊस नुकताच थांबला होता, धुके खाली उतरत होते, दुतर्फा गाड्यांच्या रांगा होत्या आणि कणसे भाजण्याचा धूर रस्त्यावर पसरला होता. एका टपरीसमोर जेमतेम जागा मिळाली, तिथे मी गाडी साइड स्टँडवर लावली, उतार होता म्हणून पहिल्या गिअरमध्ये ठेवली, हँडल लॉक केले आणि आत जाऊन चहा सांगितला. लोक जिला सरसकट बुलेट म्हणतात ती क्लासिक ३५० माझ्याकडे आहे, आणि तिचे वजन १९५ किलो भरते. चहा हातात यायच्या आत एक सद्गृहस्थ सहा-सात वर्षांच्या मुलाला घेऊन गाडीपाशी आले. त्यांनी मुलाला उचलून सीटवर बसवले, दोन पावले मागे जाऊन फोनमधून पाहिले, आणि गाडी छायाचित्रात कललेली दिसते हे त्यांच्या सौंदर्यदृष्टीला खटकले असावे. ते पुन्हा पुढे आले आणि त्यांनी एका हाताने हँडल धरून गाडी सरळ करायला सुरुवात केली. दुसऱ्या हातात फोन होता. साइड स्टँडवरची गाडी डावीकडे कललेली असते म्हणूनच ती उभी राहते. ती सरळ केली की तिला कशाचाही आधार उरत नाही, आणि जराशी पलीकडे गेली की १९५ किलो एका हाताने सावरणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. मी टपरीतून "अहो!" असे ओरडेपर्यंत गाडी उजव्या कुशीवर आडवी झाली होती.

मुलगा पलीकडे फेकला गेला, म्हणून वाचला. सीटवरून सरळ खाली घसरता, तर त्याचा पाय गाडीखाली आला असता. तरीही जाता जाता त्याची पोटरी सायलेन्सरला घासली, आणि तो सायलेन्सर दीड तास चालून आलेल्या गाडीचा होता. त्याने जी किंचाळी फोडली ती अजून माझ्या कानांत आहे. टपरीवाल्या मावशींनी हातातला झारा टाकून आधी पाण्याची कळशी आणली आणि त्याच्या पायावर तांब्यामागून तांब्या ओतत राहिल्या. जमावातून कोणीतरी टूथपेस्ट लावायला सांगितले, तेव्हा त्यांनी त्याला जे ऐकवले ते इथे लिहिता येणार नाही. त्या सबंध गर्दीत शहाणे माणूस ते एकच होते. बाकीच्यांचे फोन वर झाले होते आणि गाडी उचलायला कोणाचाही हात मोकळा नव्हता.

वडिलांनी मला विचारलेला पहिला प्रश्न असा होता: "एवढा तापलेला सायलेन्सर तुम्ही असा उघड्यावर ठेवताच कसा?" दुसरा प्रश्न मी गाडी उतारावर का लावली, हा होता. त्यानंतर, नरमाईने, "लहान मूल आहे हो ते, त्याला काय कळतंय" आणि "तुमचा विमा असेलच की" अशी दोन वाक्ये आली.

त्याला कळत नाही, हे मला मान्य आहे. तो सहा वर्षांचा आहे, त्याने गाडीवर चढायचा हट्ट केला असेल, तर तो त्याचा हक्कच आहे. त्या वयात मीही केला असता. पण तुम्ही सहा वर्षांचे नव्हता. सायलेन्सर तापतो, हे स्वतः आयुष्यभर दुचाकी चालवलेल्या माणसाला माहीत नसते काय? दुसऱ्याच्या वस्तूला हात लावण्याआधी विचारावे, हे तुम्हाला कोणीच कधी शिकवले नाही काय? गाडीला काय झाले ते सांगू? पुढच्या ब्रेकची लिव्हर मुळापासून मोडली, आरसा फुटला, इंडिकेटर वायरीवर लोंबकळू लागला. मोटारसायकल थांबवण्याचे निम्म्याहून अधिक काम पुढचा ब्रेक करतो, कारण ब्रेक दाबताच बराचसा भार पुढच्या चाकावर येतो. तो नसताना, ओल्या रस्त्यावरून, धुक्यातून, मागच्या एकाच ब्रेकवर मी पौडपर्यंत जीव मुठीत धरून आलो, आणि सबंध वाटेत मागच्या चारचाक्या मी सावकाश जातो म्हणून माझ्या पाठीवर हॉर्न वाजवत होत्या. त्यांतली एक तुमची असण्याची शक्यता बरीच आहे.

त्या लिव्हरचे पैसे तुमच्याकडे मी मागितले नाहीत, मागणारही नाही. तुमच्या मुलाच्या पायावरचा डाग मात्र राहील, आणि तो कसा पडला हे तुम्ही त्याला काय सांगणार आहात ते मला ठाऊक आहे: एका माणसाने गाडी नीट लावली नव्हती. आणखी आठ-दहा वर्षांनी तो तुमच्याकडे गाडीची चावी मागेल, आणि तुम्ही ती द्याल, कारण लहान मूल आहे, त्याला काय कळतंय. त्या वेळी २०१९च्या दुरुस्तीनंतरचा मोटार वाहन कायदा अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी दिल्याबद्दल तुम्हाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंतची कैद सांगतो, तेव्हा तो दंड लावणाऱ्यालाही तुम्ही हेच ऐकवाल.

मुलाला मोटारसायकलवर बसवून फोटो काढायचा होता ना? मला विचारायचे होते. मी त्याला स्वतः उचलून डाव्या बाजूने बसवले असते, सायलेन्सर कुठे आहे ते दाखवले असते, हेल्मेट त्याच्या डोक्यावर ठेवले असते, दोन्ही हातांनी गाडी धरून उभा राहिलो असतो आणि तुम्हाला हवे तितके फोटो काढू दिले असते. टपरी दहा पावलांवर होती. माझे हेल्मेट बाकावर, सगळ्यांना दिसेल असे ठेवलेले होते, आणि तुम्ही गाडीला हात लावण्याआधी माझ्याकडे एकदा वळून पाहिलेही होते.