‘पोलिसांची वाट पाहू नका, थेट डोंगरात शिरा’ : फिरत्या संदेशाला उत्तर

पावसाळा तोंडावर आला आणि पन्हाळा–पावनखिंड मोहिमांच्या तारखा ठरू लागल्या, की कोल्हापूरच्या ट्रेकर मंडळींच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश हमखास फिरू लागतो. त्याचा आशय असा : डोंगरात कोणी बेपत्ता झाले तर पोलीस २४ तास तक्रार घेत नाहीत, म्हणून ट्रेकरांनी आणि तालमीच्या पोरांनी मिळेल त्या गाडीने निघून थेट जंगलात शिरावे, माणसे जितकी जास्त तितका शोध लवकर, डोंगर पायाखालचा असला की प्रशिक्षण लागत नाही, आणि उरलेले काम मोबाइलचे लोकेशन व ड्रोन करतात. लिहिणाऱ्याच्या तळमळीबद्दल मला शंका नाही. मी स्वतः हौसेनेच डोंगर फिरणारा आहे आणि शोधकार्यात हौशी माणसाला मानाचे स्थान आहे असे मानतो. म्हणूनच या संदेशातील एकेका विधानाची तपासणी करणे मला आवश्यक वाटते.

पहिले विधान २४ तासांचे. कायद्यात अशी मुदत कोठेही नाही. बेपत्ता व्यक्तीची नोंद पोलीस ठाण्यात तत्काळ करता येते, आणि ती व्यक्ती १८ वर्षांखालील असेल तर सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निर्देशांनुसार गुन्हा नोंदवूनच तपास सुरू करावा लागतो. एखाद्या ठाण्यात ‘उद्यापर्यंत बघा, येईल घरी’ असे उत्तर मिळतही असेल. पण त्यावर ११२ ला फोन करणे आणि वरिष्ठांकडे जाणे हा उपाय आहे, पोलिसांना वगळणे हा नव्हे. रांगण्याचे उदाहरण घ्या. किल्ला कोल्हापूर जिल्ह्याच्या भुदरगड तालुक्यात, पण कोकण बाजूने उतरलेला माणूस कुडाळ तालुक्यातील नारूरला, म्हणजे सिंधुदुर्ग जिल्ह्यात पोहोचतो. तो तिकडे सुखरूप चहा पीत असताना इकडे शंभर जण रात्रभर रान तुडवत राहतील, कारण दोन जिल्ह्यांच्या यंत्रणांना एकमेकांशी जोडणारी नोंदच झालेली नसेल.

‘जितकी माणसे जास्त’ हे विधान ऐकायला सर्वांत पटणारे आणि प्रत्यक्षात सर्वांत फसवे आहे. साधा हिशेब करू. शंभर माणसे दहा-दहा मीटर अंतराने उभी केली तर एक किलोमीटरची रांग होते. कारवीच्या दाट रानात ही रांग तासाला एक किलोमीटर सरकली, तरी तासाभरात एक चौरस किलोमीटर तपासून होतो. राधानगरी अभयारण्य सुमारे ३५१ चौरस किलोमीटरचे आहे. रोज आठ तास धरले तरी ४४ दिवस लागतील, तेही कोणी न थकता आणि दरी, ओढे व गवे आडवे न येता. (अभयारण्यात विनापरवाना शिरणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा ठरतो, हे वेगळेच.) म्हणून शोधाचे खरे काम माणसे वाढवण्याचे नसून क्षेत्र लहान करण्याचे असते : माणूस खात्रीने शेवटचा कोठे आणि केव्हा दिसला, त्याचे वय काय, तो कशासाठी गेला होता? स्मृतिभ्रंश झालेले आजोबा बहुधा निघाल्या ठिकाणापासून फार दूर जात नाहीत. पुढे जाता येईनासे होईपर्यंत ते चालतात, झुडपात अडकतात आणि हाकेला ओ देत नाहीत. त्यांना शिट्ट्या मारत शोधणे व्यर्थ. तेथे प्रत्येक झुडूप वाकून पाहावे लागते. तरुण ट्रेकर मात्र ओ देऊ शकतो. पण शोधणाऱ्यांनी शिट्टी मारून सर्वांनी मिळून मिनिटभर गप्प राहिले, तरच ती ओ ऐकू येते. शंभर जणांचा गलका तेथे घातक ठरतो, आणि श्वानपथक येण्याआधी पाऊलखुणा व वास तुडवून टाकतो तोही हाच गलका.

या विषयाचे शास्त्र दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्या शोधण्याच्या गरजेतून अमेरिकन नौदलात उभे राहिले. एखादी जागा पाहून झाली म्हणजे ती रिकामी ठरत नाही. तेथे माणूस असण्याची शक्यता कमी होते, इतकेच. त्यामुळे ‘आम्ही तो ओढा बघितला’ या वाक्याला किंमत नाही. कोणत्या वेळी, किती अंतराने, किती उजेडात पाहिला, हे लिहून दिले तर किंमत आहे.

आता ‘डोंगर पायाखालचा’ याविषयी. आपल्या पायाखाली असते ती वाट, आणि हरवलेला माणूस वाटेवर नसतो. मसाई पठारावर जुलैत धुके उतरले की चहूकडे सारखाच सडा, म्हणजे उघडा सपाट कातळ, दिसतो. तेथे मी स्वतः तासभर गोल फिरून पुन्हा माझ्याच पाऊलखुणांवर आलो आहे. हौशी माणसाचे खरे भांडवल हेच आहे, असे मला वाटते : आपण कोठे चुकलो होतो ते त्याला आठवते. कोणती ढोरवाट मळलेल्या पायवाटेपेक्षा ठळक दिसते, ‘ओढ्याच्या काठाने उतरलो की गाव लागेल’ म्हणत जाणारा कोणत्या कड्यावर जाऊन अडकतो, हे धनगरवाड्यावरच्या माणसाला आणि त्याच्या खालोखाल नेहमीच्या ट्रेकरला ठाऊक असते. ही माहिती नकाशावर खुणा करून पोलिसांच्या हाती देणे, हे आंधळेपणाने रानात शिरण्यापेक्षा कितीतरी मोलाचे आहे. प्रत्यक्ष उतरायचे तर दोर, प्रथमोपचार आणि स्ट्रेचर यांचे शिक्षण हवेच. त्यासाठी सरकारच्या ‘आपदा मित्र’ योजनेतले प्रशिक्षण आहे, आणि कोल्हापुरात व्हाईट आर्मीसारखी स्वयंसेवकांची संघटना वर्षानुवर्षे काम करते आहे. ब्रिटनमधील डोंगरी बचावपथकेही विनावेतन हौशी गिर्यारोहकांचीच आहेत. मात्र ती पोलिसांच्या बोलावण्यावरून निघतात.

मोबाइल आणि ड्रोन यांविषयी थोडक्यात. टॉवरवरून कळते ते क्षेत्र, ठिकाण नव्हे. डोंगराळ भागात ते क्षेत्र कित्येक किलोमीटरचे असू शकते, आणि ती माहिती मिळवण्याचा अधिकार पोलिसांनाच आहे. ड्रोन उघड्या सड्यावर उपयोगी पडतो. धुक्यात आणि दाट झाडीखाली त्याला काही दिसत नाही.

तेव्हा बोलावणे आलेच, तर पायथ्याशी आपले नाव, वेळ आणि नेमून दिलेला पट्टा नोंदवून मगच वर चढावे, आणि परतल्यावर काही सापडले नसले तरी त्याच वहीत तसे लिहून नावापुढे सही करावी. अन्यथा संध्याकाळी मोजणीत एक माणूस कमी भरतो आणि तुमच्यासाठी दुसरी तुकडी वर पाठवावी लागते.