आधी पाकीट कुठे ठेवलं होतं ते विचारा
‘जिवाणू खतांचा सोयाबीनवर फारसा परिणाम होत नाही’ असं लेखात सरसकट म्हटलंय, ते अजिबात पटलं नाही. कोणतं संवर्धक (म्हणजे बियाण्याला चोळायचं जिवंत जिवाणूंचं पाकीट) वापरलं आणि ते कुठे ठेवलं होतं, हे आधी विचारायला हवं. हरभऱ्याचं रायझोबियम, म्हणजे मुळांवर गाठी करून हवेतला नत्र बांधणारा जिवाणू, सोयाबीनला चालत नाही. सोयाबीनच्या मुळांवर गाठी ब्रेडीरायझोबियम जॅपोनिकम हा वेगळा जिवाणू धरतो. शिवाय संवर्धक ही जिवंत वस्तू आहे. आमच्याकडे ऐन मे महिन्यात पत्र्याच्या दुकानात, दारातल्या उन्हात पाकिटं रचलेली असतात. पेरणीपर्यंत त्यातले किती जिवाणू तगणार?

बीजप्रक्रियेचा क्रम तर लेखात आलेलाच नाही. आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, सगळ्यात शेवटी जिवाणू संवर्धक, 10 किलो बियाण्याला 250 ग्रॅम. बियाणं सावलीत सुकवून लगेच पेरायचं. परिणाम बघायचा तर फुलोऱ्याच्या सुमारास झाड खुरप्याने मातीसकट काढा, कारण उपटलं की गाठी जमिनीतच राहतात. गाठ नखाने फोडा. आत गुलाबी-लाल दिसली तर हवेतला नत्र बांधणं चालू आहे. आमच्या वावरात हा क्रम पाळलेल्या पट्ट्यात अशा लाल गाठी भरपूर सापडतात, आणि तिथे मी युरिया टाकत नाही.