केनियाचा अ‍ॅव्होकाडो, आपला कांदा

ठाणे-नवी मुंबईतल्या आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर अधूनमधून तोच फॉरवर्ड फिरतो. केनियासारखा छोटा देश युरोपला गुलाब, फरसबी, अ‍ॅव्होकाडो विकून गब्बर झाला, आणि आपण अजून कांद्यावरून भांडतोय! मी नैरोबीत शीतगृह आणि मालवाहतुकीच्या धंद्यात नोकरी करते, त्यामुळे खाली लगेच प्रश्न येतो, ‘काय गं, खरंय का?’ तुर्भ्याच्या, म्हणजे सगळे ज्याला वाशी मार्केट म्हणतात त्या, भाजी मार्केटात गाळा असलेला माझा मामेभाऊ, आमचा दादा, मी काही लिहायच्या आत उत्तर देऊन टाकतो. निर्यातीची कौतुकं एसीत बसून होतात, शेतकऱ्याच्या हातात विक्रीच्या हिशेबाची पट्टी मात्र आम्हाला द्यावी लागते, हे त्याचं ठरलेलं वाक्य. दादाला निर्यात म्हणजे शहरी लोकांचं खूळ वाटतं. फॉरवर्डवाल्यांना ती रामबाण वाटते. ग्रुपवर दोन ओळींत भांडण मिटत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

गब्बर वगैरे कोणी झालेलं नाही. चहा, पर्यटन आणि परदेशातल्या केनियन लोकांनी घरी पाठवलेला पैसा यांच्या जोडीने फुलं-फळं-भाज्यांची निर्यात हा या देशाच्या परकीय चलनाचा मोठा आधार आहे, एवढं खरं. नैवाशा तलावाच्या काठाने मैलोन्‌मैल हरितगृहं आहेत. तिथले गुलाब आज कापले की उद्या-परवा हॉलंडमध्ये विक्रीला असतात. त्यात हजारो बायकांना रोजगार मिळतो, आणि तलावाच्या पाण्यावरून, पगारावरून कुरबुरीही चालू असतात. पण 2010 च्या एप्रिलमध्ये आइसलँडच्या ज्वालामुखीची राख आकाशात पसरली, युरोपातली विमानं थांबली आणि इथे टनांनी फुलं फेकून द्यावी लागली. 2020 च्या मार्चमध्ये, करोनाच्या पहिल्या फेऱ्यात, पुन्हा तेच. नैरोबीत गुलाब घेणार तरी किती जण?

फुलांचं सोडा, भाजीचंही तसंच आहे. माउंट केनियाच्या पायथ्याशी किरिन्यागाकडे फरसबीची प्रतवारी करणारी एक शेड कामानिमित्त पाहिली होती. लांबलचक टेबलं, डोक्याला जाळीच्या टोप्या घातलेल्या मुली. शेंग सहा मिलिमीटरपर्यंत बारीक असेल तर पहिल्या दर्जाची, त्याहून जाड असेल तर खालच्या प्रतीत. वाकडी, डागाळलेली किंवा दाणे फुगलेली शेंग थेट टाकाऊ मालाच्या क्रेटमध्ये. संध्याकाळी ते क्रेट बाहेर निघाले तेव्हा मी विचारलं, हे आता कुठल्या बाजारात जाणार? सुपरवायझर हसला. गाईंना, म्हणाला. इथल्या घरात रोज मक्याचं उगाली, सुकुमाची पालेभाजी आणि राजम्यासारखे सुके दाणे शिजतात. कोवळी फरसबी हे परदेशी ताटातलं पीक. लंडनच्या खरेदीदाराने माल नाकारला की शेतकऱ्याला दुसरं गिऱ्हाईक नाही. त्यात इथेही दलाल आहेतच. करार एका कंपनीशी आणि भाव बरा मिळाला की माल दुसऱ्याला, हे चाळे आपल्याकडच्यासारखेच.

आता हीच नाकारलेली फरसबी तुर्भ्याला उतरली असती तर? पहाटे टेम्पो लागला की घणसोली-ऐरोलीचे भाजीवाले, ठाण्याच्या जांभळी नाक्यावरचे किरकोळ विक्रेते ती उचलून मोकळे. मुरबाड-शहापूरकडची भेंडी आखातात आणि लंडनला जाते. निर्यातीचा माल निवडून भरणाऱ्या पॅकहाऊसमध्ये बाजूला पडलेली भेंडी कल्याणला नाहीतर वाशीला येते आणि आपल्या डब्यात जाते. भाव कमी मिळतो, पण मिळतो. दादाच्या मार्केटवर टीका करण्यासारखं पुष्कळ आहे. तोलाई-वाराईची, म्हणजे वजन आणि हमालीच्या पैशांची, भांडणं, उधारी, पावसाळ्यातला तो चिखल. फळं-भाजी 2016 मध्ये बाजार समितीच्या नियमनातून मुक्त झाली, म्हणजे बाजाराबाहेरही विकता येऊ लागली, तेव्हा वाशी ओस पडेल असं भाकीत कित्येकांनी केलं होतं. पडली नाही, कारण मुंबई-ठाण्याची भूक कायद्याने हलत नाही. निर्यातदाराने नाकारलेला माल घेणारा एवढा मोठा बाजार पाठीशी असणं ही केनियाच्या शेतकऱ्याला हेवा वाटावा अशी गोष्ट आहे. फॉरवर्ड लिहिणाऱ्याला ती दिसलेलीच नाही.

माशीची गोष्टही या फॉरवर्डला छेद देणारी. आशियातली फळमाशी 2003 मध्ये केनियात सापडली आणि आंब्यावर बसली. 2014 मध्ये, युरोपने बंदी घालायच्या आत, केनियाने स्वतःच युरोपला आंबा पाठवणं थांबवलं. त्याच वर्षी 1 मेपासून किडी सापडल्या म्हणून युरोपने भारताच्या आंब्यावर बंदी घातली, सोबत कारलं, वांगं, पडवळ आणि अळूवरही. आपल्याकडे ‘हापूसचा अपमान’ म्हणून केवढा गहजब झाला होता! पण उष्णजल प्रक्रिया (गरम पाण्यात ठेवून फळातली माशीची अंडी-अळ्या मारणं), नोंदणीकृत पॅकहाऊस, तपासणी हे सगळं भराभर बसवलं गेलं आणि 2015 च्या जानेवारीत आंब्यावरची बंदी उठली. केनियाचा आंबा युरोपात परत जायला 2021 उजाडलं. मनात आणलं की आपल्या यंत्रणेला जमतं. मनात नसलं की काय होतं तेही 2025 च्या मे महिन्यात दिसलं. नवी मुंबईतल्या विकिरण केंद्रातून, म्हणजे किरणांनी कीड निकामी करणाऱ्या केंद्रातून, गेलेल्या आंब्याच्या पंधरा खेपा कागदपत्रांतल्या त्रुटींवरून अमेरिकेने विमानतळांवरच नाकारल्या, आणि परत आणण्याचा खर्च परवडेना म्हणून तो आंबा तिथेच नष्ट करावा लागला. माल चांगला, प्रक्रिया झालेली, आणि घात केला फॉर्मने.

मग केनियाकडून घेण्यासारखं काहीच नाही का? आहे, आणि ते अ‍ॅव्होकाडोत आहे. वर्षाच्या अखेरीकडे इथलं सरकार समुद्रमार्गे जाणाऱ्या अ‍ॅव्होकाडोची तोडणी बंद करतं. कारण साधं आहे. तेव्हा झाडावरचं फळ कोवळं असतं. फळातला सुका अंश, म्हणजे पाणी वगळून उरणारा भाग, पुरेसा भरलेला नसला तर ते दुकानात पोहोचून पिकत नाही, रबरासारखं राहतं, आणि असा एक कंटेनर युरोपात गेला की पुढचे दहा संशयाने उघडले जातात. हंगाम परत कधी उघडायचा ते बागांतली फळं तपासून ठरतं. शेतकरी कुरकुरतात, चोरून तोडणारे तोडतात, पण बंदी येणार हे सगळ्यांना ठाऊक असतं, आणि ती मालाची पत राखण्यासाठी असते.

आता आपला कांदा घ्या. 19 ऑगस्ट 2023 ला 40 टक्के निर्यात शुल्क. ऑक्टोबरच्या अखेरीस टनाला 800 डॉलर किमान निर्यात मूल्य, म्हणजे त्याखालच्या भावाने बाहेर विकायचंच नाही. 8 डिसेंबरला थेट बंदी, 31 मार्चपर्यंत म्हणून. मार्च संपायच्या आत ती ‘पुढील आदेशापर्यंत’ झाली. 4 मे 2024 ला उठली, पण 550 डॉलरची अट आणि 40 टक्के शुल्क ठेवून. सप्टेंबरात शुल्क निम्मं झालं, 1 एप्रिल 2025 ला शून्यावर आलं. या आदेशांत कांद्याच्या प्रतीबद्दल एक अक्षर नाही. सगळं शहरातल्या भावाकडे बघून. डिसेंबरातल्या त्या आदेशाने वाटेतला माल न्हावा-शेवा बंदरात अडकला. दुबई, कोलंबो, क्वालालंपूरच्या व्यापाऱ्यांनी पाकिस्तानचा, चीनचा, इजिप्तचा कांदा घ्यायला सुरुवात केली. एकदा दुसरीकडे बसलेली घडी शुल्क काढल्याने मोडत नाही. शुल्क शून्य झाल्यावर 2025 च्या उन्हाळ्यात लासलगावला भाव पडलेलेच होते.

कोपरखैरण्याला माझी आई कांदा ऐंशीवर गेला की अर्धा किलोच घेते, आणि आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी पाव किलो. त्यांची अडचण खोटी नाही, आणि ‘शहरवाल्यांनी सोसावं’ असं नैरोबीतून सांगणं मला शोभतही नाही. पण त्यासाठी नाफेड आणि एनसीसीएफ या सहकारी संस्थांमार्फत सरकार लाखो टन कांदा विकत घेऊन ठेवतंच. तो वेळेवर आणि योग्य शहरात बाहेर काढणं हे काम आहे. ते कंटाळवाणं आणि कोणाच्या डोळ्यांत न भरणारं असतं, त्यापेक्षा अधिसूचना काढणं सोपं.

माझं म्हणणं एवढंच आहे. उन्हाळ कांद्याची लागवड डिसेंबर-जानेवारीत होते. रोपं टाकायच्या आधी, ऑक्टोबरातच, सरकारने पुढच्या हंगामाचं शुल्क किती आणि कोणत्या भावाला ते लागू होईल हे जाहीर करावं, आणि मग हंगाम संपेपर्यंत त्याला हात लावू नये. शुल्क हवंच असेल तर असू दे. चढं असलं तरी शेतकऱ्याला लावणीआधी कळेल, साठवणुकीच्या कांदाचाळीत किती ठेवायचा आणि किती काढायचा ते त्याचं तो ठरवेल, आणि दुबईच्या व्यापाऱ्याला वर्षाचा करार करता येईल. अचानक थांबवण्याचा अधिकार ठेवायचाच तर तो खराब मालापुरता ठेवावा, अ‍ॅव्होकाडोसारखा.

हे ग्रुपवर लिहिलं तेव्हा दादाचं उत्तर आलं, निवडणुकीच्या वर्षी कोण पाळणार हे? मी त्याला 2024 च्या लोकसभेतली दिंडोरी आठवून दिली. कांद्याच्या पट्ट्यातल्या त्या मतदारसंघात तेव्हाच्या केंद्रीय राज्यमंत्री हरल्या, शेजारी नाशिकची जागाही सत्ताधाऱ्यांच्या हातून गेली. त्यावर त्याने अंगठा टाकला, आणि खाली विचारलं की नैरोबीत हापूसच्या पेटीला काय भाव मिळेल.