पाचवी गोळी

एका वेळी एकच काडतूस मावणारं पिस्तूल म्हटलं की कुणालाही वाटेल, यात बिघडण्यासारखं आहे काय? मॅगझिन नाही, फिरतं चक्र नाही, टणकन उडून शेजाऱ्याच्या कॉलरमध्ये शिरणारी गरम पुंगळी नाही. मधून मोडायचं, काडतूस सरकवायचं, मिटायचं, घोडा मागे ओढायचा, चाप दाबायचा. संपलं. अमेरिकेतल्या अशा एकबारी शिकारी पिस्तुलांतलं गाजलेलं नाव म्हणजे थॉम्प्सन सेंटर कंपनीचं कंटेंडर. वॉरन सेंटर या कारागिराने ते घडवलं आणि १९६७ साली न्यू हॅम्पशरमधल्या रॉचेस्टर गावातून ते बाजारात आलं. बिजागरीची खीळ काढली की अख्खी नळी बदलता येते. मग काडतूसही बदलता येतं: आज पॉइंट बावीस, उद्या चव्वेचाळीस मॅग्नम, आणि मनगटात रग असेल तर १८७३ सालचं पंचेचाळीस-सत्तर.

माझ्याकडे चव्वेचाळीस मॅग्नमची दहा इंची नळी आहे. आमच्या ओहायोत हरणाच्या मोसमात पिस्तूल न्यायचं तर नळी किमान पाच इंचांची हवी, काडतूस सरळ भिंतीचं, म्हणजे मान आवळलेली नसलेलं हवं आणि गोळी ०.३५७ इंच किंवा त्याहून जाड हवी. तिन्ही अटींत माझं पिस्तूल बसतं. बसत नाही ती फक्त पाचवी गोळी.

म्हणजे असं, की रेंजवर, नेमबाजीच्या मैदानात, पाच गोळ्यांचा ग्रुप काढायचा: एकाच खुणेवर पाच बार. पन्नास यार्डांवर चार गोळ्या दीड इंचात गुण्यागोविंदाने शेजारी शेजारी बसतात. पाचवी वर उजवीकडे, सहा इंच लांब, एकटीच. ती पाचवीच असते असंही नाही; कधी दुसरी, कधी चौथी. पण घर सोडून जाणारी एक असतेच, तिला मी पाचवी म्हणतो.

विकतच्या, तांब्याचं कवच असलेल्या गोळ्या वापरल्या तर हा प्रश्न जवळजवळ नाहीच. पण आमच्या शेजारच्या म्हातारबांनी मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, “स्वतः ओतलेली गोळी नसेल तर ती शिकार नाही, खरेदी आहे.” म्हातारबा ऐंशीच्या दशकात धातूच्या आकृत्या पाडायच्या स्पर्धा खेळायचे. पन्नास मीटरवर कोंबडी, शंभरावर डुक्कर, दीडशेवर टर्की, दोनशेवर मेंढा. सगळे पोलादी आणि पाडल्याशिवाय गुण नाही. हा खेळ मेक्सिकोतून आला आणि १९७६ साली पिस्तूलवाल्यांनी त्याची स्वतंत्र संघटनाच काढली. त्या मेंढ्यांबद्दल म्हातारबा इतक्या जिव्हाळ्याने बोलतात की ऐकणाऱ्याला वाटावं, यांनी ते पाळले होते.

तर गोळी ओतणे. त्यासाठी आधी धातू लागतो. निव्वळ शिसं फार मऊ, नखाने ओरखडा उठतो. त्यात कथील घातलं की ते साच्याच्या कानाकोपऱ्यात नीट उतरतं आणि अँटिमनी घातलं की कडक होतं. पूर्वी टायरच्या दुकानात चाकांची जुनी वजनं बादलीने फुकट मिळायची आणि त्यात अँटिमनी आयतंच असायचं. आता वजनं लोखंडाची नाहीतर जस्ताची येतात. जस्त चुकून भांड्यात विरघळलं तर सगळा घाणा बाद. शिसं ३२७ अंशांना वितळतं, जस्त ४२० ला, म्हणून आच बेताची ठेवून वर तरंगणारी वजनं झाऱ्याने काढून टाकायची. शनिवार सकाळ यात जाते.

हे मी व्हिडिओ कॉलवर आईला सांगितलं. सांगलीत बसून तिने नेमकं एकच काय ते उचललं.

“कथील म्हणजे कल्हईचं ना रे?”

“हो, तेच.”

“म्हणजे तिकडे जाऊन कल्हईचा धंदा काढलास. मग इतकी इंजिनिअरिंगची फी कशाला भरली आम्ही?”

धातूचा सर्वांत चांगला साठा मला मिळाला तो शेजारच्या गावात बंद पडलेल्या छापखान्यात. लायनोटाइपच्या ओळी! लायनोटाइप म्हणजे मजकुराची अख्खी ओळ एका पट्टीत ओतणारं छपाईचं यंत्र. १८८६ साली न्यूयॉर्क ट्रिब्यूनने हे यंत्र पहिल्यांदा लावलं, तेव्हापासून शंभरेक वर्षं अमेरिकेतली गावोगावची वर्तमानपत्रं याच धातूवर निघाली. शिसं ८४ टक्के, अँटिमनी १२, कथील ४. प्रत्येक पट्टीवर एक ओळ, उलटी. आमचे काका सांगलीत खिळे जुळवायचे, त्यांच्या मांडीवर बसून मी उलटं वाचायला शिकलो होतो. ती विद्या आयुष्यात कधी कामाला येईल असं वाटलं नव्हतं. आता गॅरेजमध्ये बसून एकेक ओळ वाचतो आणि भांड्यात सोडतो. ‘शुक्रवारी चर्चच्या तळघरात फिश फ्राय’ गेली. ‘ट्रॅक्टर विकणे आहे, चालू स्थितीत’ गेली. कुणाच्या तरी लग्नाची बातमी हातात आली, ती मात्र बाजूला ठेवली आहे. जावजी दादाजींच्या निर्णयसागरात ज्या खिळ्यांवर पोथ्या छापल्या गेल्या, तेही याच तीन धातूंचे. नशीब, ओहायोत देवनागरी छापखाना नव्हता. भांड्यात एखादा ‘ज्ञ’ टाकायची वेळ आली असती तर हा छंद तिथेच सुटला असता.

ओतायचं काम गॅरेजचं दार सताड उघडं टाकून, पंखा लावून, चष्मा आणि हातमोजे घालून. खाणं-पिणं बंद, कपडे आणि बूट घरात आणायचे नाहीत, हात साबणाने धुवायचे. पाण्याचा एक थेंब वितळलेल्या शिशाखाली गेला की त्याची क्षणात वाफ होते आणि शिसं छताला जाऊन चिकटतं. म्हणून कपाळावरचा घामसुद्धा मी दोन पावलं मागे सरकून पुसतो. बायकोने दारावर कागद चिकटवला आहे: ‘आत जाणाऱ्याने जेवायला हाक मारेपर्यंत आतच राहावे.’

साचा म्हणजे दोन अर्धुकं, वर भोक असलेली एक सरकती पट्टी. भोकातून धार सोडायची. वर छोटं तळं साचतं. ते चकचकीत असतं, मग एका क्षणी त्यावर साय धरल्यागत धुरकट छटा सरसरत जाते. गोठलं. लाकडी दांडक्याने पट्टीवर टोला द्यायचा, साचा उघडायचा आणि गोळी टॉवेलवर पडते. पहिल्या पाच-सहा सुरकुतलेल्या निघतात, कारण साचा तापलेला नसतो. मग आरशासारख्या. मग साचा जास्त तापला की चुना लावल्यासारख्या पांढुरक्या. बायको एकदा दारातून हे बघत उभी होती. म्हणाली, “अहो, हे तर धिरड्यांचं झालं! पहिलं तव्याला चिकटतं, नंतरची नीट येतात आणि फोन आला की करपतात.” इतकं नेमकं वर्णन मला जाड जाड पुस्तकांत सापडलं नव्हतं.

गोळीचं नाक थोडं वेडंवाकडं असलं तरी चालतं. बूड मात्र निर्दोष हवं, कारण नळीतून सुटताना मागच्या वायूचा शेवटचा धक्का बुडालाच बसतो आणि ते एका बाजूने खपललेलं असेल तर गोळी तिरपी सुटते. म्हणून भिंगातून बुडं तपासणे. मग वजन करणे, तेही ग्रेनमध्ये. सोनाराच्या एका गुंजेत साधारण दोन ग्रेन बसतात. अडीचशे ग्रेनच्या गोळीत एक ग्रेन कमी-जास्त झालं तर म्हातारबा ती तळहातावर घेऊन माझ्याकडे असे बघतात की मी सोन्यात तांबं मिसळलंय. मग बुडाला तांब्याची इवलीशी टोपी चढवायची, म्हणजे तप्त वायूने शिसं भाजत नाही. मग अंगावरच्या खाचांत मधमाशीचं मेण आणि अलॉक्स नावाचं वंगण यांचं मिश्रण भरायचं. हे मिश्रण भरायला गोळ्या केकच्या ट्रेमध्ये उभ्या करतात. ट्रे मी भंगारवाल्याकडून वेगळा आणलाय, हे सुरुवातीलाच सांगितलं पाहिजे. आमच्या घरी ते दर आठवड्याला सांगावं लागतं.

एवढं करून रेंजवर गेलो की पाचवी गोळी वर उजवीकडे.

आता सल्ले. रेंजवरच्या सात टेबलांवर सात म्हातारे बसतात आणि प्रत्येकाचं दैवत वेगळं. एक म्हणतो, धातू मऊ झाला, अजून लायनोटाइप घाल. दुसरा म्हणतो, मेण बदल. तिसरा बंदुकीच्या दारूच्या ब्रँडवरून भांडतो. चौथ्याकडे नातवंडांपेक्षा नळ्या जास्त आहेत. तो म्हणतो, नळीच विक, मला. यांतल्या कडकपणाच्या भक्तांशी माझं अजिबात पटत नाही. शुद्ध शिशाचा कडकपणा ब्रिनेल मोजपट्टीवर पाचाच्या आसपास, लायनोटाइपचा बावीसच्या. बहुतेक पुरुषांना बावीसच हवा असतो, कशासाठी ते विचारू नये. शिवाय इतकी कडक गोळी हरणात पसरत नाही, हाडावर तुटूही शकते. म्हणजे कागदाला खूश करायचं की जंगलाला, हा वेगळाच वाद.

माझं मत विचाराल तर आधी जाडी, मग बाकी सगळं. नळीची खरी जाडी कळायला मासे पकडायच्या गळाचं मऊ शिशाचं वजन तेल लावून नळीतून ठोकत पलीकडे काढायचं. त्यावर आतल्या खाचांचा ठसा उमटतो, तो मायक्रोमीटरने मोजायचा. पुस्तकात ०.४२९ इंच. माझ्या नळीतून निघालं ०.४३१. आणि मला गोळ्या कापून-दाबून नेमक्या करायला जो साचा मिळाला होता तो ०.४३० चा. केसाच्या जाडीहूनही कमी फरक, पण त्या फटीतून वायू घुसतो, गोळीच्या कडा वितळवतो आणि ते शिसं नळीत माखून ठेवतो. माखलेल्या नळीतून पुढची गोळी जाईल कशी सरळ? गोळी नळीपेक्षा हजारांश इंच जाड हवी. ०.४३२ चा साचा मागवला आणि पाचवी गोळी सहा इंचांवरून तीन इंचांवर आली. म्हातारबांनी श्रेय मेणाला दिलं.

आधीचं माखलेलं शिसं काढायला ब्रशभोवती तांब्याच्या तारेची घासणी गुंडाळून नळी घासतात. घासणी अस्सल तांब्याची हवी. बऱ्याच घासण्या लोखंडाच्या असतात, वरून तांब्याचा मुलामा. ओळखायचा उपाय म्हणजे लोहचुंबक. सुपरमार्केटमध्ये भांड्यांच्या साबणांसमोर उभं राहून मी एकेका पाकिटाला लोहचुंबक लावत होतो, तेव्हा मंडळातल्या एक वहिनी ट्रॉली घेऊन आल्या, थांबल्या, आणि काही न विचारता पुढच्या रांगेत गेल्या. त्या रात्री आमच्याकडे फोन आला. बायको बराच वेळ “नाही हो, तब्येत ठीक आहे त्यांची” असं म्हणत होती. फोन ठेवल्यावर मला म्हणाली, “पंचवीस वर्षांत एक कढई घासली नाहीत, आणि आता तासभर घासणी घेऊन बसता!” नळी आणि कढई यांतला फरक समजावण्याची ती वेळ नव्हती.

उरलेले तीन इंच माझ्या हातात होते, असं एका तरुण मुलीने सांगितलं, आणि त्या रेंजवर तीच एक शहाणी असावी. चाप ओढल्यावर गोळी नळीत असतानाच पिस्तूल वर उठायला लागतं. म्हणून जड, सावकाश गोळी उशिरा बाहेर पडते आणि उलट वर लागते. मूठ एकदा घट्ट, एकदा सैल धरली की नळी दर वेळी वेगळी उठणार. पुढचा लाकडी भाग वाळूच्या पिशवीवर दर वेळी त्याच जागी टेकवायचा, नळी कधीच टेकवायची नाही, आणि मिटताना दर वेळी सारख्याच जोराने मिटायचं. ती मुलगी माझ्याच पिस्तुलाने, माझ्याच गोळ्यांनी पाचही छिद्रं दीड इंचात काढून गेली. सातही म्हाताऱ्यांनी त्या दिवशी वाऱ्याची दिशा तपासली.

थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी बंदुकीचा मोसम उघडला. केशरी जाकीट घालून मी ओकच्या झाडाला टेकून बसलो होतो. चाळीसेक यार्डांवर मादी आली. घोडा मागे ओढला. ती झाडाआड गेली. नियमाप्रमाणे घोडा हळूच खाली सोडला. ती पुन्हा बाहेर आली, आडवी उभी राहिली, यापेक्षा सोपा नेम कागदावरही मिळत नाही. पण जुन्या कंटेंडरची एक खोड आहे: बार न काढता घोडा उतरवला की पिस्तूल पुन्हा मोडून मिटल्याशिवाय घोडा चढतच नाही. आणि ते मोडायला चापाची कडी जी आवळावी लागते, तिचा आवाज शांत रानात खट्‌ असा होतो. मादीने माझ्याकडे नीट बघितलं, शेपटी वर केली आणि गेली.

संध्याकाळी कुंपणाशी म्हातारबांना सगळं सविस्तर सांगितलं. घोडा, आवाज, शेपटी, सगळं. त्यांनी मान हलवत ऐकलं, हनुवटी खाजवली.

“अँटिमनी जास्त झालंय,” ते म्हणाले. “शनिवारी ये, थोडं मऊ करू.”